चार बोटं माती

भैय्याजीमामांना घनश्यामने आंधळगावहून बैलांच्या दमणीत बसवून आणलं, तेव्हाच श्यामरावांनी ओळखलं की आजचं काम नुसत्या चहावर भागणारं नाही. मामांनी अठ्ठ्याहत्तरी ओलांडली होती. धान्याचं दुकान मुलांच्या हाती देऊन ते घरी बसले होते, आणि लग्न, मौत, वाटणी या तीन कामांखेरीज ते आता गावाबाहेर पाऊल टाकत नसत. घरात लग्नाचं कोणी उरलेलं नव्हतं. मरणाच्या दारात म्हणावं असंही कोणी नव्हतं. उरलं ते तिसरं.

श्यामराव छपरीत भिंतीला पाठ लावून बसले. घनश्याम, त्यांचा मधला भाऊ, मामांच्या शेजारी बसला, पण त्याचा एक पाय जमिनीवर ठरत नव्हता. पोटात एक आणि ओठांवर दुसरं हे त्याला उभ्या जन्मात साधलं नव्हतं, त्यामुळे घरातल्या निम्म्या भांडणांचं खापर त्याच्यावर फुटत आलं होतं. चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत त्याने आपल्या टेकरापासून, चढावरच्या वावरापासून, सुरुवात केली.

"मामाजी, माहं टेकर बोडकं होऊन राहिलं. दरसाल पानी येते अना माती घेऊन जाते. जाते कुठं? खाली खरडीत. अकरा वर्सांत माहं वावर मुरूम झालं अना खरडी सोनं झाली. ती माती माही आहे."

"मंग काय, टोपल्यानं वापस आनतं?" मामांनी विचारलं.

"टोपल्यानं कायले? बहात्तरची वाटनी तोंडी होती. सातबाऱ्यावर तिघांचं नाव अजून संगच आहे. नव्यानं वाटनी करा. अना आजच करा. खरडीत एकदा रोवना झाला का पीक तिचं, मंग सालभर कोनाले तोंड उघडता येत नाही."

यंदा पाऊस लांबला होता. जुलै संपत आला तरी गावात कुणाचीच रोवणी, धानाची लावणी, लागली नव्हती, म्हणून हे बोलायला अजून सवड होती. 'ती' म्हणजे खरडी कसणारी शकुनबाई, वारलेला धाकटा भाऊ केवळराम याची बायको. ती आत, दाराच्या आड, श्यामरावांच्या बायकोजवळ, देवकाबाईंजवळ बसली होती. तिच्या पदराचा हिरवा काठ तेवढा बाहेरून दिसत होता.

"अना खरं सांगू का, मामाजी," घनश्याम पुढे म्हणाला, "सत्यवतीचा नवरा जवाहरनगरले फॅक्टरीत आहे. क्वार्टर आहे, पगार आहे, दारापुढून बस जाते. उद्या खरडी त्याईच्या घरात जाईल. ते लोक वावर कसतील का? इकतील."

शकुनबाईच्या लेकीबद्दलचं हे बोलणं खोटं नव्हतं. जावई चांगला होता, पण त्याला धानाच्या परह्यातलं, कोवळ्या रोपातलं, आणि गवतातलं अंतर कळत नव्हतं.  आठ दिवसांपूर्वी घनश्याम श्यामरावांना बोडीच्या, छोट्या तळ्याच्या, पाळीवर गाठून हळूच म्हणाला होता, "दादा, खरडी तुमच्याकडे आली तरी मी आडवा येनार नाही. मले फक्त तुमच्या मोठ्या बांधीतला तुकडा द्या." त्यावर श्यामरावांनी होय म्हटलं नव्हतं, आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आठ दिवस ते त्या न दिलेल्या उत्तराशी एकटेच बसले होते.

खरडी परत मिळावी असं त्यांना फार आतून वाटत होतं. पिकासाठी नव्हे. त्या चार बांध्या, ती चार भातखाचरं, खरडली होती ती त्यांनीच.

एकोणसत्तर साली वीटभट्टीवाला आला होता, तेव्हा घराचे कारभारी श्यामराव होते. हातभर काळी माती भट्टीवाल्याने न्यायची आणि बदल्यात घराला लागतील तेवढ्या पक्क्या विटा द्यायच्या, असा सौदा ठरला. त्या वेळी कुणी नको म्हटलं नाही. कुडाच्या भिंतींचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. माणसं गैंत्या-कुदळी घेऊन उतरली आणि दोन महिन्यांत चार बांध्यांचा तांबडा मुरूम उघडा पडला. आज ज्या भिंतीला टेकून श्यामराव बसले होते, ती त्याच मातीची होती. तिच्यावर दरवर्षी चुना चढत होता आणि तिच्यात आजवर एकदाही पाणी झिरपलं नव्हतं.

दोन वर्षांनी केवळरामला परे उपटताना साप चावला. त्याच्या पुढच्या वर्षी वाटणी झाली.

या घरातली वाटणीची रीत जुनी. मोठ्याने वाटे करायचे, प्रत्येक वाट्यातलं एक ढेकूळ आणून पळसाच्या पानावर मांडायचं आणि उचलायचं मात्र सगळ्यात धाकट्याने आधी. मोठ्याच्या पदरात शेवटी उरेल ते. उचलायची पाळी शेवटी असली की वाटे सरळ पडतात, हा त्यामागचा हिशेब. बहात्तर साली श्यामरावांनी तीन पानं मांडली: मोठी बांधी, टेकर आणि खरडी. केवळराम नव्हता म्हणून पहिलं ढेकूळ उचलायला शकुनबाई आली, आठ वर्षांची सत्यवती पदराला धरून. तिने सरळ जाऊन तिसऱ्या पानावरचं तांबडं, दगडासारखं ढेकूळ उचललं. लोक चाट पडले. बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली, असंही कुणी म्हणालं.

घनश्यामने दुसरं उचललं ते टेकर, कारण टेकराला लागून त्याची विहीर होती. मोठी बांधी आपोआप श्यामरावांना उरली.

"चला," भैय्याजीमामा गुडघ्यांवर हात देऊन उठले. "माती पाह्यल्याबिगर मातीचं बोलू नोका. वावरावर चला."

खरडीत छातीएवढा धैंचा, हिरवळीच्या खताचं पीक, उभा होता. त्याला नुकती पिवळी फुलं धरू लागली होती, आणि बांध्यांच्या कडेने करंजाची झाडं वाऱ्यावर हलत होती. आता दोन-चार दिवसांत धैंचा आडवा पाडून चिखलात गाडायलाच हवा होता. त्याची काडी एकदा निबर झाली की कुजत नाही, आणि मग रोवणीच्या वेळी पायांना टोचत बसते. एका बाजूला परे तयार होते. शकुनबाईच्या जिवाची काय घालमेल चालली असेल ते श्यामरावांना दिसत होतं, पण ती बांधावर देवकाबाईंच्या मागे शांत उभी होती.

पहिल्या वर्षी तिने इथे धान लावला तेव्हा तो वीतभर वाढून पिवळा पडला होता. दुसऱ्या वर्षी मुरुमावर नुसता तरोटा, रानटाकळा, उगवला. तिने तो उपटला नाही. फुलावर यायच्या आत कापून तिथेच दाबला, आणि पुढच्या पावसात आणखी तरोट्याचं बी मूठ-मूठ फेकलं. तरोटा पेरणारी बाई म्हणून पंचक्रोशीत तिची भरपूर करमणूक झाली. मग तिने बोरू, म्हणजे ताग, लावला. कारध्याहून, वैनगंगेत जाळं टाकणारा बाबुलाल बोरूच्या काड्या मागायला दोनदा आला, जाळ्याच्या दोरीला वाख हवा म्हणून. तिने त्याला गूळपाणी दिलं आणि काडी दिली नाही. मोहाडीच्या पंचायत समितीत धैंच्याचं बी कुणी उचलेना, ते ती डोक्यावर घेऊन आली. धान उभा असतानाच ओलीवर लाखोरीच्या डाळीचं बी फेकायचं, लाखोरी निघाली की धैंचा, धैंचा गाडला की धान. असं अकरा वर्षं चाललं होतं. गेल्या साली खरडीचा धान मोठ्या बांधीच्या तोडीला आला, तिच्या दारात स्वतःची बैलजोडी उभी राहिली, आणि तेव्हापासून लोकांचं हसणं थांबून जळणं सुरू झालं.

"फावडं आना," मामा म्हणाले.

घनश्यामने स्वतःच फावडं घेतलं. नाला भरला की टेकराचं पाणी जिथून खरडीत उतरत होतं तिथे तो खणू लागला. वरची माती काळी, भुसभुशीत, आणि तिच्यात बारीक पांढरी मुळं. मग फावडं खणकन वाजलं. खाली तांबडा मुरूम होता आणि त्यावर गैंतीच्या जुन्या खुणा, काल मारल्यासारख्या स्पष्ट. श्यामरावांनी नजर बाजूला वळवली.

मामांनी वाकून खड्ड्याच्या कडेला बोटं लावली. "चार बोटं."

"तेच तं म्हनून राहिलो मी," घनश्याम म्हणाला. "माहीच माती आहे ही. वरून आलेली."

तेवढ्यात शकुनबाई हळूच बोलली. पंचवीस वर्षांत ती भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, किंवा त्याच्यासमोर सरळ कधी बोललेली नव्हती. जे सांगायचं ते देवकाबाईंच्या मार्फत, तोंड दुसरीकडे करून.

"बाई, त्याईले म्हना, इथं खनलं तसं मधातही खना. अना त्या पल्याडच्या कोपऱ्यात खना. पानी माती आनते तं तोंडाशी जास्त टाकते, दूर कमी टाकते. बोडीत नाही का, गाळ येते तिकडूनच बोडी बुजते."

देवकाबाईंनी ते पुन्हा सांगितलं, जरी सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

घनश्याम छातीपर्यंत धैंच्यात शिरला आणि मध्यावर खणलं. चार बोटं. मग तो पलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथे बराच वेळ फावड्याचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा घाम पुसण्याच्या निमित्ताने त्याने तोंड झाकून घेतलं.

"किती?"

"चार. जराशी जास्तच असंल."

"पानी इतकं इमानदार नसते, घनश्याम," मामा म्हणाले. "सगळीकडे सारखं वाटत नाही ते. तुही माती नाल्यात गेली, नाल्यातून नदीत गेली. तू उतारानं नांगर हाकतं, पानी थांबंल कसं? ही माती इथंच झाली."

घनश्याम चिडला नाही. तो खाली बसला आणि हातातल्या फावड्याला चिकटलेली माती बोटाने काढू लागला. त्याचं टेकर खरोखरच मरत होतं, आणि दोष कुणाला द्यावा हेही आता हातातून गेलं होतं. श्यामरावांना त्याची कीव आली.

"पन मले एक समजत नाही," थोड्या वेळाने घनश्याम म्हणाला. "मोठी बांधी समोर होती. टेकर तवा चांगलं होतं. पैली पाळी हिची होती. मंग हिनं मुरूम काहून उचलला? कोनी हात तं नव्हता धरला. तवाच हिच्या मनात काहीतरी होतं."

मामांनी शकुनबाईकडे पाहिलं. "सांग माय. काहून उचलली खरडी?"

बांधावर सगळे तिच्याकडे वळले. 

वाटणीच्या दिवशी सकाळी त्यांनी देवकाबाईंना तिच्याकडे धाडलं होतं. निरोप असा होता: खरडी उचल, म्हणजे दोघा भावांत भांडण लागणार नाही. तुझ्याकडे ना बैल, ना माणूस; मोठी बांधी घेऊन तरी काय करशील? माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझी बांधी माझेच बैल वाहतील. विधवेला निरोप भासऱ्याचा, तोही कारभाऱ्याचा. तिने ढेकूळ उचललं. त्या वर्षी श्यामरावांचे बैल खरडीत गेले. दुसऱ्या वर्षी एक बैल आजारी होता. तिसऱ्या वर्षी कारण शोधायचीही गरज पडली नाही.

शकुनबाईने पदर सावरला. "बाई, मामाजीले म्हना, माही मर्जी होती. मले पसंत पडली म्हनून उचलली."

देवकाबाईंनी या वेळी ते पुन्हा सांगितलं नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या निरोपातला शब्दन् शब्द त्यांच्याच तोंडून गेला होता, आणि अकरा वर्षं त्यांनी तो कुणापुढे काढला नव्हता. त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्या नुसत्या वाट पाहत होत्या, आणि श्यामरावांना रागापेक्षा ते जड गेलं. जिला त्यांनी फसवलं ती त्यांची अब्रू सांभाळत होती, तीही त्यांनीच खरडलेल्या बांधीच्या काठावर उभी राहून. त्यांना स्वतःची लाज वाटली. 

"मर्जी नव्हती तिची," ते म्हणाले. "मी निरोप धाडला होता."

"कोनता निरोप?" घनश्यामने मान वर केली.

श्यामरावांनी सांगितलं. बैलांचं वचन सांगितलं, आणि एका वर्षात ते कसं विरलं तेही सांगितलं. त्यांनी काही गाळलं नाही.

"वाटे मी सारखे केलेच नव्हते," ते शेवटी म्हणाले. "मले मोठी बांधी पाहिजे होती. तुहं मन टेकरावर आहे हे मले ठाऊक होतं. ती खरडी उचलते, तू टेकर उचलतं, मंग उरते ते माहं. रीतही पाळली अना पाह्यजे तेही घेतलं."

 मोठ्या भावाने लबाडी करावी यापेक्षा ती इतकी वर्षं आपल्याला कळू नये, याचंच घनश्यामला जास्त लागलेलं दिसत होतं.

"हातभर माती मी देऊन टाकली, मामाजी. दोन महिन्यांत. अकरा वर्सांत तिनं चार बोटं आनली." श्यामरावांनी आपला हात कोपरापासून पुढे धरला आणि दुसऱ्या हाताची चार बोटं त्यावर ठेवली. हाताचा केवढा तरी भाग उघडाच राहिला.

 भैय्याजीमामांनी करंजाला काठी टेकवली.

"मंग ती वाटनी झालीच नाही. उचलनारीची मर्जी नसंल तं उचलनं कायचं? घनश्याम म्हनते ते होऊ दे. नव्यानं वाटनी. श्याम, मांड ढेकळं."

घनश्यामला जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळताक्षणी त्याला त्यातली मेख दिसली: पहिली पाळी पुन्हा शकुनबाईचीच होती. "चिठ्ठ्या टाका ना, मामाजी," तो घाईने म्हणाला.

"चिठ्ठ्या कायले? रीत आहे ना घरची."

पळसाची तीन पानं तोडून बांधावर ठेवली. श्यामराव स्वतः मोठ्या बांधीत गेले आणि काळंभोर, चिकट ढेकूळ घेऊन आले. नाल्यापलीकडून टेकराचं आणलं; त्यात खडेच जास्त होते. खरडीचं ढेकूळ काही निघेना. हातात घेतलं की माती फुटायची, मुळांना धरून तेवढी लोंबायची. शेवटी त्यांनी ओंजळीने ती पानावर ठेवली.

मामा म्हणाले, "उचल माय. आज कोनाचा निरोप नाही."

मोठ्या बांधीवर कालव्याचं पाणी होतं आणि हातभर माती. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की शहाणं माणूस काय उचलेल. श्यामरावांनाही ठाऊक होतं. आपण आता ती बांधी गमावणार, याची त्यांनी खड्ड्याकाठीच तयारी केली होती, आणि खरं म्हणजे तिनेच ती न्यावी असं त्यांना वाटत होतं.

शकुनबाई पुढे आली. तिन्ही पानांसमोर थोडी थांबली. मग तिने खरडीचं पान खालून हात घालून उचललं, एक कणही सांडू न देता.

"बाई," ती देवकाबाईंना म्हणाली, "त्या वक्ती सांगतलं म्हनून घेतली. आज माह्या मनानं घेतो."

आता पाळी घनश्यामची. त्याने टेकराकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. एक-दोनदा त्याचा हात पुढे होऊन मागे आला.

"दादा, माह्या घरी खानारे सात आहेत," तो खाल मानेने म्हणाला.

"उचल," श्यामराव म्हणाले. "पाळी तुही आहे."

त्याने मोठी बांधी उचलली. तिसऱ्या पानावरचे खडे श्यामरावांना उरले.

मामांनी सत्यवतीला कळवायचं काम देवकाबाईंवर सोपवलं आणि जेवायला घरी चला म्हणून सगळ्यांना उठवलं. घनश्याम त्यांना हाताला धरून घेऊन गेला. जाण्याआधी त्याने शकुनबाईच्या खरडीत पाडलेले तिन्ही खड्डे फावड्याने नीट बुजवले, हे श्यामरावांनी पाहिलं.

ते एकटेच नाला ओलांडून टेकरावर गेले. पासष्टीला आलेल्या माणसाने या मुरुमाचं काय करायचं? जागोजागी पाण्याने चर पाडले होते. एका चरात त्यांनी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. भट्टीवाला इथे कधी आला नव्हता, तरी हेही खरडलंच गेलं होतं.

मागे पावलं वाजली. देवकाबाई नाल्याच्या काठावरच थांबल्या होत्या. शकुनबाई एकटी वर आली, डोक्यावर टोपली, पदर कपाळापर्यंत. तिने टोपली श्यामरावांसमोर ठेवली आणि देवकाबाईंकडे मान वळवली. पण त्या दूर होत्या, आणि मुद्दामच दूर होत्या. मग ती जमिनीकडे पाहत सरळ त्यांच्याशीच बोलली.

"बोरूचं बी आहे. इथं धैंचा जमनार नाही, पानी थांबत नाही. हे उद्याच वावरात फेकून द्या, अजून वेळ गेली नाही. फूल दिसलं का दाबून टाकजा, बीची आशा करू नोका. नांगर आडवा धरजा, उतारानं नाही. पैल्या साली काही दिसनार नाही. लोक हसतील."

"बैल टेकरावर चढनार नाही माहे," श्यामराव म्हणाले. "म्हातारे झाले."

"माहे बैल येतील सकाळी."

श्यामरावांनी टोपली जवळ ओढली. ती जायला वळली, आणि दोन पावलांवर थांबली.

"एका सालाचं सांगतो, भाऊजी," ती म्हणाली. "पुढचं पुढं पाहू."